माझ्या गळ्यात पडलेला सेकूतोर

मला एका शब्दाचा राग येतो, असं सांगितलं की लोक हसतात. हसू देत. 'सेकूतोर' हा तो शब्द. तो ज्यानं माझ्या गळ्यात घातला त्या माणसाचाही मला राग आहे. माणूस आता हयात नाही, तरी राग होता तिथंच आहे. गेलेल्याबद्दल चांगलंच बोलावं ही रीत मला कधी जमली नाही.

सत्तरच्या दशकाची पहिली वर्षं होती. पाटणच्या वरच्या अंगाला आमचं गाव. तिथून मी सांगलीला आलो होतो, सकाळ-संध्याकाळ तालमीत आणि मधल्या वेळात कॉलेजात. आबा, म्हणजे माझे वडील, पलटणीतून हवालदार होऊन परतलेले. मीही पलटणीत जायचं हे घरात ठरलेलंच होतं. पण ते कुणी माझ्यावर लादलं होतं असं कुणी समजू नये. आबांची काळी ट्रंक, त्यांची चालण्याची ढब, गावात कुणापुढेही न वाकणारी त्यांची मान, हे सगळं मला स्वतःलाच हवं होतं. दुसरं काही व्हायची मला इच्छा नव्हती.

कॉलेजात संस्कृत घेतलं ते पाठांतर बरं होतं म्हणून. पैलवान आणि संस्कृत, ह्याची कॉलेजात भरपूर टिंगल झाली. टिंगलीचं मला काही वाटायचं नाही. पोरं हसायची आणि परीक्षेच्या आधी माझ्याकडेच रूपं विचारायला यायची.

त्रास दिला तो कौतुकानं. आमचे संस्कृतचे सर पुण्याहून आलेले. त्यांना लॅटिनही येत होतं, आणि सांगलीत ते ऐकायला कुणी नाही ह्याचं दुःख त्यांच्या चेहऱ्यावर कायम असायचं. एके दिवशी त्यांनी पाठ बाजूला ठेवला आणि मला पुढे बोलावलं.

"या पैलवान. वर्गाकडे तोंड करून उभे राहा."

मी उभा राहिलो. सरांनी हातातल्या खडूनं माझी मान दाखवली, खांदे दाखवले, मग तालमीत मोडलेले कान दाखवले. पहिल्या बाकावरच्या मुलींनी माना खाली घातल्या. प्राचीन रोममध्ये असे लोक पाळत, सर म्हणाले, आणि लोकांच्या करमणुकीसाठी त्यांना आखाड्यात झुंजवत. त्यांतल्या एका जातीच्या योद्ध्याला म्हणत सेकूतोर. शब्द त्यांनी फळ्यावर लिहिला आणि मला जागेवर जा म्हणायचं विसरून त्याची फोड सुरू केली.

राग आहे म्हणून खोटं सांगणार नाही, शिकवायचे ते छान. शेवटचा 'तोर' म्हणजे आपला 'तृ' प्रत्यय, कर्तृ-दातृमधला. करणारा तो कर्ता, देणारा तो दाता, तसा हा. अनेकवचन सेकूतोरेस, आपलं 'कर्तारः' शेजारी ठेवून बघा, एका घरची भावंडं दिसतील. संबोधनाला आपण 'कर्तः' म्हणतो, लॅटिनमध्ये मात्र हाक मारतानाही सेकूतोरच. आणि धातू? पाठीमागे जाणं, सोबत जाणं. आपला 'सच्' तोच. राजाच्या सोबत असतो तो सचिव आणि शत्रूच्या मागे लागतो तो सेकूतोर, दोघे एका आजोबांचे नातू. लॅटिनमधलं ते क्रियापद दिसायला कर्मणी, अर्थानं कर्तरी. आपल्याकडे तेच आत्मनेपदी चालतं. क्रियेचं फळ ज्याचं त्यालाच मिळतं ते आत्मनेपद, दुसऱ्याच्या पदरात पडतं ते परस्मैपद, हे सांगताना त्यांचे डोळे चकाकत होते.

तास संपेपर्यंत मी तिथंच उभा होतो. दुसऱ्या दिवसापासून कॉलेजभर माझं तेच नाव झालं. हाक मारताना रूप बदलत नाही, एवढं व्याकरण सगळ्यांच्या पक्कं लक्षात राहिलं.

आता मालकांविषयी सांगायला हवं. कृष्णाकाठच्या एका गावचे हे बडे बागायतदार. सांगलीतल्या आमच्या तालमीचा खर्च ते करायचे. दूध, तूप, बदाम, आखाड्याच्या मातीत घालायचं तेल, सगळं त्यांच्याकडून यायचं. रविवारी मालक स्वतः यायचे आणि एकेकाची मान, दंड, मांड्या दाबून बघायचे, बाजारात बैल बघतात तसे. पैलवान कुणाचाही असो, मैदानात पुकारताना आधी मालकांचं नाव यायचं. जिंकलं की फेटा मालकांना. तालमीत आम्ही सगळेच परस्मैपदी होतो, पण हे मला तेव्हा सुचलं नाही. सुचलं असतं तरी बोललो नसतो.

त्या हिवाळ्यात सराव करताना माझा डावा खांदा निखळला. हाडवैद्यानं तो बसवला आणि बजावलं की ह्याला जपलंस तर जन्मभर साथ देईल, पुन्हा निसटला तर मग माझ्याकडं येऊ नकोस. त्याच सुमारास साताऱ्याला भरती निघाली. धावणं, छाती, उंची, सगळ्यात मी पास झालो. राहिली फक्त डॉक्टरी तपासणी, पुढच्या सोमवारी. आबांनी ट्रंक काळ्या रंगानं नव्यानं रंगवली. आमच्या वस्तादांना, म्हणजे तालमीत शिकवणाऱ्यांना, मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "सोमवारपतूर मातीत पाय ठिवू नगंस. मालकास्नी मी बगतो."

नेमकी शनिवारी मालकांच्या गावची जत्रा होती. तालमीतल्या सगळ्यांनी यायचं, असा निरोप आला. मी कपडे घालून फेटा बांधून नुसता बसणार होतो. आबाही गावाहून थेट तिथं आले, मला रविवारी सोबत साताऱ्याला घेऊन जायला. स्टेजवर बघतो तर मालकांच्या शेजारी प्रमुख पाहुणे म्हणून आमचे सर. मालक कॉलेजच्या कमिटीवर होते, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं.

हलगी थांबवून सरांचं भाषण झालं. मैदानाच्या कडेला, झाडांवर, बैलगाड्यांवर माणसं बसलेली, त्यांना कुस्ती बघायची होती. सर रोममध्ये पोहोचले. सेकूतोरची जोड नेहमी जाळेवाल्याशी लावत, ते सांगू लागले. जाळेवाला हलका, पळता. सेकूतोरचं शिरस्त्राण गुळगुळीत, जाळं अडकू नये म्हणून. त्याला डोळ्यांपुरती दोन बारकी भोकं. आत श्वास कोंडायचा. म्हणून त्यानं लवकर गाठायचं, आणि जाळेवाल्यानं त्याला नुसतं दमवायचं. लोक चुळबुळायला लागले तेव्हा सरांनी माझ्याकडे बोट केलं.

"असा एक सेकूतोर आपल्यातही बसलेला आहे. माझा विद्यार्थी आहे. त्याची कुस्ती बघायला मिळाली तर माझं इथं येणं सार्थकी लागेल."

पाहुण्याची हौस म्हटल्यावर मालक तडक उठले. खाली येऊन त्यांनी माझं मनगट धरलं. आमच्याकडे मैदानात जोड वजनावर लावत नाहीत, नजरेवर लावतात, आणि दोघांचे हात एकदा लोकांसमोर हातात दिले की कुस्ती ठरली. त्यानंतर मागे फिरणारा पैलवान पुन्हा कुठल्या मैदानात दिसत नाही, आणि त्याच्या बापाला पारावर कुणी जागा देत नाही. मालक मला ओढत मधोमध नेत होते, तेव्हा मी घाईघाईनं सांगितलं.

"मालक, सोमवारी मेडिकल हाय. खांदा अजून कच्चा हाय."

"मग हितं काय बांगड्या भरून आलायस व्हय रं? पाव्हणं बघत्यात."

वस्ताद कडेला होते. त्यांनी नजर दुसरीकडे वळवली. त्यांचाही राग आहे, पण थोडा कमी. त्यांचं घर मालकांच्या जागेत होतं.

स्टेजजवळून जाताना मी सरांपाशी थांबलो. मालक त्यांचं ऐकतील हे मला पक्कं माहीत होतं. "सर, परवा माझी पलटणीची तपासणी आहे. खांदा निसटला तर सगळं जाईल. तुम्ही नको म्हणालात तर मालक सोडतील."

सर हसले. तो हसरा चेहरा मी विसरलेलो नाही.

"अरे, पाच मिनिटांचं तर काम. आणि तू कसला हरतोस?"

हरण्याचं मी बोललोच नव्हतो. पण त्यांच्या कानांना तेवढंच ऐकू आलं. मालकांनी माझा हात एका उंच, सडपातळ पोराच्या हातात दिला. मिरजेच्या पलीकडचा, सीमेजवळच्या गावचा, जोड न मिळाल्यानं मघापासून ताटकळत उभा असलेला. हलगी वाजायला लागली. मी कपडे उतरवले.

पोरगं चपळ होतं. मी पुढे गेलो की ते सरकायचं, आणि मला डाव्या हातानं काही धरायचं नव्हतं. लोक ओरडायला लागले. आबा कुठं बसलेत ते मी मुद्दाम बघितलं नाही. मला एवढंच दिसत होतं की ही कुस्ती जितकी लांबेल तितकी खांदा निसटायची वेळ जवळ येतेय. मग मी ठरवलं की हरायचं. पाठ लावून घ्यायची, लोकांच्या शिव्या खायच्या आणि धड खांद्यानं साताऱ्याला जायचं. मालकांची इज्जत गेली तर खुशाल जाऊ दे.

त्यानं पाय धरायला झेप घेतली तसा मी आपण होऊन खाली बसलो आणि सगळं अंग सैल सोडलं. त्यानं मला नुसतं उलटायचं होतं. एखादं पोरसुद्धा उलटवू शकलं असतं.

पण मालकांच्या तालमीचा पैलवान फुकटात पाठ देईल, हे त्या पोराच्या मनातसुद्धा येणं शक्य नव्हतं. अंग सैल सोडून वरच्याला गाफील करायचं आणि एकदम फिरायचं, हा आमच्या तालमीचा गाजलेला डाव होता. त्याला वाटलं, हा सापळा आहे. त्यानं उलटायचं सोडून जी जास्त खात्रीची पकड होती ती घेतली. माझा डावा हात पाठीवर मुरगाळून वर ओढला. खांदा गेला तो आवाज मला आतून ऐकू आला.

लोकांनी त्याला उचलून नाचवलं. नाचून झाल्यावर तो मला शोधत आला. मी झाडाखाली हात धरून बसलो होतो, शेजारी आबा.

"तू सैल सोडलंस की गड्या. मला डाव वाटला. खरंच देत हुतास व्हय?"

मी व्हय म्हणालो. तो तिथंच खाली बसला आणि बराच वेळ उठला नाही. ह्या सगळ्या प्रकरणात ज्याचा मला राग नाही असा हा एकच माणूस.

सोमवारी साताऱ्याला गेलो, कारण आबा म्हणाले, जायचं. खांदा पुन्हा बसवला होता, वरून काही दिसत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, दोन्ही हात वर करा. उजवा गेला. डावा खांद्याच्या रेषेत थांबला. मी चुकारपणा करतोय असं समजून डॉक्टरांनी तो स्वतः धरून वर ओढला. माझ्या तोंडून आवाज निघाला, आणि उघड्या दारातून बाहेर उभ्या असलेल्या आबांनी तो ऐकला. परतीच्या एसटीत ते खिडकीकडे बघत बसले. त्यानंतर त्या शनिवारचा किंवा त्या सोमवारचा विषय त्यांनी घरात कधी काढला नाही.

मालकांनी तालमीतून माझी वळकटी बाहेर काढली. हाताला काय झालं हे सरांनी एकदाही विचारलं नाही. सेकूतोर हरला ह्याचं त्यांना वाईट वाटलं होतं, असं कुणीतरी सांगितलं. मी बीए झालो, बीएड झालो आणि पाटणच्या बाजूला एका शाळेत संस्कृतचा मास्तर झालो. फळ्याच्या वरच्या भागावर मी उजव्या हातानं लिहितो आणि डाव्यानं कधी पुसत नाही.

दशक संपत आलं तेव्हा सर निवृत्त झाले. निरोप समारंभाला जुन्या विद्यार्थ्यांनी यावं, अशी पत्रं गेली. मी जाणार नव्हतो. आबा म्हणाले, "जाऊया की. मीबी येतो." का म्हणाले ते मला तेव्हा कळलं नाही.

सभागृह भरलं होतं. सरांनी भाषणात मला स्टेजवर बोलावलं. आखाड्यातल्या मुलाला आपण संस्कृतकडे कसं वळवलं, हे त्यांनी रंगवून सांगितलं. "हा माझा सेकूतोर," ते म्हणाले, आणि विजयी पैलवानाचा करतात तसा माझा हात वर करायला त्यांनी माझं मनगट धरलं. डावं. हात खांद्यापर्यंत गेला आणि थांबला. मी लाजतोय असं वाटून सरांनी आणखी जोर लावला. लोक टाळ्या वाजवत होते.

मागच्या रांगेतून आबा उठून उभे राहिले. त्यांचा आवाज कवायतीच्या मैदानावरचा, त्याला माईक लागत नसे.

"वडू नगा सर. मेडिकलच्या डागदरनंबी लय वडून बघितला हुता. तितवरच जातुया त्यो."

टाळ्या थांबल्या. सरांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग हाताकडे. "का रे," ते हळूच म्हणाले, "काय झालं हाताला?"

मी हात सोडवून घेतला आणि आबांच्या शेजारी जाऊन बसलो.