नीलांबरीच्या पडण्याची तारीख

नीलांबरी एक वेळ पूजेला उशीर करील, पण सकाळचं चालणं चुकवायची नाही. नागपुरात वाढलेली बाई ती, अमेरिकेतल्या ब्रायर हिलच्या चिकट उन्हाळ्याला काय भीक घालणार. रोज दोन मैल, आणि तेही झपाझप. २००४च्या एप्रिलमध्ये अशीच चालली असताना फूटपाथवरच्या गटाराचं लोखंडी झाकण पायाखाली फिरलं आणि ती उजव्या हातावर आदळली. मनगट दोन ठिकाणी मोडलं.

हाड यथावकाश जुळलं. पोळी लाटताना दुखायचं, पण त्याचं तिला फारसं काही वाटत नव्हतं. खरं दुखत होतं ते लोकांचं बोलणं. मैत्रीण सुलभा भेटायला आली ती ढोकळा आणि उपदेश दोन्ही घेऊन. "अगं, बघून चालायचं ना," म्हणाली. नवरा गुरुनाथ तर दिवसातून दोनदा तेच म्हणे. वास्तविक नीलांबरी बघूनच चालत होती. झाकण वरून चांगलं धडधाकट दिसत होतं. तिची चूक नव्हती, हे कुणीतरी जबाबदार माणसानं एकदा तोंडानं म्हणावं, एवढीच तिची मागणी होती.

गावच्या महाराष्ट्र मंडळातल्या कांचनची मुलगी केया वकील होती, इथेच जन्मलेली. ती म्हणाली, "काकू, सिटीवर केस करू. पण नोटीस सिक्स मन्थ्सच्या आत द्यायला लागते."

गुरुनाथचा चेहरा उतरला. "सरकारवर केस? आपलं ग्रीन कार्ड अजून पेंडिंग आहे, माहितीये ना? ते हातात पडेपर्यंत सरकारच्या वाटेला जायचं नाही."

केयानं परोपरीनं समजावलं. कार्ड देणारे वॉशिंग्टनचे, झाकण गावच्या नगरपालिकेचं, दोघांचा काडीचाही संबंध नाही. गुरुनाथला ते पटेना. त्याच्या लेखी सरकार म्हणजे सरकार; या टेबलावरचा माणूस त्या टेबलावरच्याच्या कानात सांगणारच. सहा महिन्यांत कार्ड येईलच की, असा त्यानं हिशेब केला. ऑक्टोबर उजाडला आणि गेला. कार्ड आलं डिसेंबरात. दुसऱ्या दिवशी नोटीस गेली, मग केसही दाखल झाली, आणि नगरपालिकेचं उत्तर आलं: दोन महिने उशीर, केस काढून टाका. तेवढी एक तत्परता मात्र त्यांच्या वकिलानं दाखवली की झाकणाशेजारी एक नारिंगी शंकू आणून ठेवला.

एवढ्यावर संपलं असतं तरी नीलांबरीला कळलं असतं. पण पुढच्या उन्हाळ्यात केयाचा फोन आला.

"काकू, लॉ चेंज झाला. आता सिक्स मन्थ्स नाही, वन इयर. फर्स्ट सप्टेंबरपासून."

"मग आपण वर्षाच्या आतच दिली होती की नोटीस. जिंकलो का?"

"मेबी."

"मेबी म्हणजे?"

"नवा लॉ जुन्या केसला लागतो की नाही, ते लॉमध्ये लिहिलंच नाहीये."

नीलांबरीनं फोन ठेवला आणि बराच वेळ कॅलेंडरसमोर उभी राहिली. ती पडली जुन्या कायद्यात, केस चालली होती नव्या कायद्यात. मग उशीर झाला होता की नव्हता? नगरपालिकेचा वकील म्हणे, तिचा हक्क ऑक्टोबरातच मेला, मेलेल्याला नवा कायदा उठवत नाही. केया म्हणे, बदलली ती फक्त मुदत, हक्क नाही, आणि मुदत चालू केसलाही लागते. नीलांबरीला पहिलं ऐकलं की पहिलं पटे, दुसरं ऐकलं की दुसरं. गुरुनाथला विचारावं, तर तो हल्ली हा विषय निघाला की गवत कापायला जाई.

नोव्हेंबरात सुनावणी झाली. नीलांबरी ठेवणीतली साडी नेसून गेली. कशी पडलीस, असं विचारतील म्हणून रात्रीपासून इंग्रजी वाक्यं घोकली होती. तासभर दोन्ही वकील एक सप्टेंबर या तारखेवर भांडले. झाकणाचं नाव कुणी काढलं नाही. शेवटी जज म्हणाले की मुदत एकदा संपली ती संपली. नवा कायदा एक सप्टेंबरनंतर पडणाऱ्यांसाठी. बाहेर आल्यावर केयाच्या डोळ्यांत पाणी होतं. नीलांबरीनंच तिला थोपटलं, आणि तिला स्वतःला मात्र रडावं की काय करावं तेही समजेना. आपण हरलो कशात, हेच तिला नीट सांगता आलं नसतं.

घरी येऊन तिनं केयाला एकच विचारलं. पुरावा म्हणून झाकणाला हात लावू द्यायचा नाही, असं तू म्हणाली होतीस. आता केस नाही, तर नगरपालिकेत फोन करू का? केया म्हणाली, करा. रस्ते खात्यातल्या बाईनं पत्ता लिहून घेतला. या जागेबद्दल आमच्याकडे एकही तक्रार नाही, म्हणाली. वर्षभर वकिलांना पत्रं लिहिणाऱ्या नगरपालिकेनं स्वतःच्या रस्ते खात्याला सांगितलंच नव्हतं, आणि पुरावा जपायचा म्हणून नीलांबरीनंही सांगितलं नव्हतं.

दोन दिवसांनी ट्रक आला. नीलांबरी गुरुनाथला बळेच घेऊन तिथे गेली. केस पिकलेल्या कामगारानं पहारीनं झाकण उचललं, उलटं केलं आणि मान हलवली. खालची कडा गंजून पार गेलेली. "इथे कोणीही पाय ठेवला असता तरी पडला असता," तो इंग्रजीत सहज म्हणाला. "वरून कळायला काही मार्गच नाही. आमचीच चूक. कोणाला लागलं तर नाही ना?"

गुरुनाथ एक पाऊल मागे सरकला.

"मला लागलं," नीलांबरी म्हणाली. मग तिनं गुरुनाथचा दंड धरून त्याला पुढे आणलं आणि त्या माणसाला विनंती केली की आत्ता जे बोललास, ते प्लीज ह्यांना एकदा परत सांग.