आईची तोरं आणि माझं जीवशास्त्र

मी डिचोलीतल्या एका उच्च माध्यमिक शाळेत एकवीस वर्षं पेशीचं पटल शिकवतो आहे, आणि त्याच पटलापायी लाटंबार्श्यातल्या आमच्या घरी एक चतुर्थी तोरांविना गेली.

झालं असं. डॉक्टरांनी आईला मीठ कमी करायला सांगितलं. आईने मान डोलावली, घरी आली आणि पेजेबरोबर दोन तोरं खाल्ली. बाठ धरायच्या आत उतरवलेल्या या कोवळ्या कैऱ्या आई मिठात घालते, वर दगड ठेवून चेपते, की वर्षाची सोय. बरणी माझ्या कमरेएवढी. (माझी कमर हे माप आता थोडं फसवं आहे, पण उंची धरा.)

"आई, ही तोरां आता बंद."

"तोरां बंद केलंस तर पेज घशाखाली कशी जातली?"

"मगे मी त्यातलां मीठ काढतंय."

"तोरातल्यान मीठ काढतलंस?" ताप आलाय का बघावं तसं आईने माझ्याकडे पाहिलं.

मी वर्ग घेतला. पेशीभोवती चरबीचं दोन पदरी पटल असतं, त्यात जागोजाग प्रथिनांची दारं असतात. पाणी आतबाहेर करू शकतं. मिठाला मात्र दार उघडल्याशिवाय जाता येत नाही.

"मगे मीठ भायर कसां येतलां?" बायकोने भाजी चिरता चिरता विचारलं. ती बँकेत आहे, शिक्षण कॉमर्सचं.

"ते तुला कळायचं नाही," मी म्हणालो. (मलाही कळलेलं नव्हतं!)

दोन दिवसांनी आई तिच्या बहिणीकडे पेडण्याला गेली. मी बरणीतला सगळा खार ओतून दिला, विहिरीचं ताजं पाणी भरलं, सकाळ-संध्याकाळ बदललं. सुरकुतलेली तोरं गुबगुबीत झाली. तिसऱ्या दिवशी एक चाखलं. मीठ खरोखरच गेलं होतं! मी लगेच पेडण्याला फोन करून आईचं अभिनंदन केलं. आंबटपणाही गेला होता, एवढं फोनवर सांगितलं नाही. चव ओल्या पुठ्ठ्याची होती, पण पुठ्ठ्याने रक्तदाब वाढत नाही.

आठवड्याने आई परतली. झाकण उघडलं. वर पांढरी साय, आणि वास असा की मांजर अंगणात निघून गेलं.

"मीठ खंय?"

"भायर."

"आनी आंबटाण?"

"तीपण भायर."

"दारां उघडी रवली वाटतां," बायको म्हणाली.

मी पुस्तक काढलं. खाऱ्या पाण्यात पेशीतलं पाणी निघून जातं, पेशी आक्रसते, शेवटी मरते. मेलेल्या पेशीचं पटल फाटतं, मग काय आत यावं नि काय बाहेर जावं याला धरबंदच राहत नाही. म्हणूनच मीठ मुळात आत शिरलेलं असतं. आता ते गेल्यावर बुरशीला अडवायला कोणीच उरलं नव्हतं. हे पान मी दरवर्षी शिकवतो. पाठ आहे माझं.

आई ओरडली असती तर बरं झालं असतं. ती पायरीवर बसली आणि हळूच म्हणाली, "एकेक हातात धरून निवडलेली रे." झाडावर तेव्हा पानांखेरीज काही नव्हतं. बरणी मीच माडाच्या मुळात रिकामी केली. पुढचे पंधरा दिवस माझी पेज नुसतीच आली. मी काही मागितलं नाही.

चतुर्थीला मामा जेवायला बसला. पानाची उजवी-डावी बाजू तपासून म्हणाला, "ताये, तोरां खंय?"

"आमच्या मास्तरान सायन्साक दिली," आई वाढता वाढता म्हणाली.

मामाने माझ्याकडे पाहिलं. "मगे मास्तराकच सायन्स कित्याक घेना?"

"विचारलंय मी," आई म्हणाली. "सायन्सवाले नको म्हणाले."