बिल्ड लावलाय, गुरुजी!

कामाचे तुकडे करणं म्हणजे कामाचा अपमान, असं मनापासून मानणारा माणूस उभ्या कर्जत तालुक्यात एकच, आणि तो नेमका कळंबला माझ्या शेजारी राहतो. बाजारातून आणलेल्या पिशव्या तो स्कूटरवरून घरात एकाच खेपेत नेणार. दोन हातांत सहा, गळ्यात दोन, काखेत दुधी. एकदा उंबऱ्यात नारळ निसटला, तर हा पठ्ठ्या सगळ्या पिशव्यांसकट स्कूटरपर्यंत मागे गेला आणि पहिल्यापासून पुन्हा आला. "अर्धवट खेप धरत नाय, गुरुजी," असं वर मलाच सुनावलं. मी जन्मभर शाळेत शिकवलं, आणि धडा मला हा देत होता.

पोटासाठी तो घरी बसून पुण्याच्या एका कंपनीचं सॉफ्टवेअर सांभाळतो. कुणी त्यात एक ओळ बदलली, की सगळं नव्याने जुळवून तपासायचं. त्याला म्हणे बिल्ड म्हणतात. याने तो अर्थातच एका दमात होईल असा रचलेला. तीन तास लागायचे, आणि शेवटच्या तपासणीत खोट निघाली की पुन्हा श्रीगणेशा. त्या तीन तासांत करण्यासारखं काही नसायचं, म्हणून तो माझ्या ओटीवर यायचा. "बिल्ड लावलाय, गुरुजी. चहा टाका!" बायको गेल्यापासून माझ्या घरात दुसरा कप निघायचा तो फक्त त्याच्यासाठी.

गेल्या पावसाळ्यात कंपनीने बजावलं, महिनाभरात हा वेळ अर्ध्या तासावर आण, नाहीतर पुण्याला येऊन सगळ्यांबरोबर बस. त्याचं तोंड उतरलं. आई गाव सोडणारी नव्हे, आणि तिला एकटी टाकणारा हा नव्हे. तरी तुकडे करायला मन धजेना.

त्याच आठवड्यात त्यांच्या शेतात भाताची लावणी होती. सावडीला, म्हणजे आज तुझ्या शेतात तर उद्या माझ्या अशा बोलीवर, बायका आल्या होत्या. याने बांधावरून फर्मान काढलं, सगळ्यांनी मिळून आधी एक खाचर पुरं करायचं, मगच दुसऱ्यात उतरायचं. आई चिखलातून ओरडली, "आरं, रोपं एकदाच काढायची, मंग जिनं तिनं आपापलं खाचर धरायचं! एकीची रोपं कलली तर ती एकटीच परत लावंल. समद्यांनी कशाला परत वाकायचं रं?"

हा रोपांची जुडी हातात धरून तसाच उभा राहिला. मग चिखलाच्या पायांनी घरात पळाला. बिल्डची मूळ जुळणी एकदाच, मग सहा तपासण्या सहा कॉम्प्युटरवर एकाच वेळी. जी फसेल तेवढीच पुन्हा. चार दिवसांत बिल्ड पंचवीस मिनिटांवर आला. कंपनीने पुण्याचं नाव पुन्हा काढलं नाही, आणि त्याच्या आईने घरोघर नारळाच्या वड्या वाटल्या.

मला आनंद झाला, खरंच झाला. पण पंचवीस मिनिटांत कोण कुणाकडे चहाला येतं? दोन आठवडे ओटी सुनी होती. दुसरा कप मी फळीवर पालथा घातला. कामाचे तुकडे करण्याचा आता मलाच राग येऊ लागला होता.

मग एका संध्याकाळी फाटक वाजलं.

"बिल्ड लावलाय?" मी विचारलं.

"नाय, गुरुजी. आज कायच लावलं नाय," म्हणत तो ओटीवर ऐसपैस बसला. "चहा टाका."

मी फळीवरचा कप सरळ केला.