चिंचेनं घासलेल्या पेन्या

पेनीकाका दुकानात पैसे देऊन लगेच कधी निघाले नाहीत. परत आलेली मोड हातावर पसरायची, खिशातलं भिंग काढायचं आणि एकेक पेनी, म्हणजे तांब्याचं एका सेंटचं नाणं, उलटीसुलटी करून बघायची. मागे रांग खोळंबली तरी फिकीर नाही. "थांबा हो वहिनी, हिच्यामागे गव्हाच्या ओंब्या आहेत!" म्हणजे जुनी.

मी म्हणायची, "घरी जाऊन बघा. लोक शिव्या देताहेत."

"इंग्रजीत देताहेत ना? मग तुम्हाला काय त्रास?"

अमेरिकेत, अल्फारेटात ते आमच्या शेजारी एकटेच राहायचे. नागपूरचे इंजिनिअर. बायको वारलेली, मुलगी दूर कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटला. इंग्रजी मला येत नाही, पण आकडे येतात, म्हणून त्यांनी मला पेनीवरचं साल बघायला शिकवलं. पेनी कडेला धरायची, मधे बोट लावायचं नाही. का, विचारलं तर म्हणाले, "म्हातारी माणसं आहेत ती. हळू धरावं." एवढंच सांगितलं. पुढचं सांगायला हवं होतं.

चाळीस वर्षांत जमवलेल्या पेन्या एका लाकडी पेटीत होत्या. मुलगी म्हणायची, "बाबा, इट्स जंक." ते हसायचे. मला मात्र एकदा म्हणाले, "मी गेल्यावर ती ही पेटी जाणकाराला दाखवेल. तेव्हा तिला कळेल, बाप खुळा नव्हता."

बायपासला गेले तेव्हा पेटी माझ्याकडे ठेवून गेले. दसरा तोंडावर आला होता. देवांची तांब्याची भांडी मी चिंच-मीठ लावून घासायला काढली होती. पेटी उघडून बघितली, तर सगळ्या पेन्या काळपट. माणूस मरणाच्या दारातून परत येतोय, त्याचं धन लख्ख दिसावं, असं मला वाटलं. दोन दिवस घासत होते.

घरी आल्यावर त्यांनी पेटी उघडली. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "देवघरातल्यासारख्या झाल्या की! फार कष्ट घेतलेत, वहिनी." चहा अर्धा ठेवून उठले. त्यानंतर दुकानातली मोड न बघताच खिशात टाकायचे. मला वाटलं, अशक्तपणा असेल.

पाडव्याच्या आधी गेले. मुलगी घर आवरायला आली. पेटी माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "मावशी, डीलरला दाखवली. काही खरंच रेअर होत्या म्हणे. पण घासल्या की जुना रंग जातो आणि व्हॅल्यू संपते. मी बाबांना व्हिडिओ कॉलवर बघून विचारलं होतं, एवढ्या शायनी कशा? तर म्हणाले, मीच घासल्या, बोअर झालो होतो. काय यार! आयुष्यभर जमवायचं आणि स्वतःच वाट लावायची?"

"तुझा बाप खुळा नव्हता," मी म्हटलं. "मी घासल्या. चिंचेनं."

मला दोनदा सांगावं लागलं. मग तिनं पेटीतली एक पेनी उचलली. कडेला धरून.