बाबा थांबायला लागले

आमचे बाबा कुणाशी बोलायला थांबत नसत. कासूजवळ खाडीकाठी आमची खारजमीन, म्हणजे भरतीचं पाणी बांधानं अडवून केलेली शेती. उधाणाच्या दिवशी बांधावरून फिरायचं, खेकड्यांची बिळं शोधायची आणि चिखल थापून बुजवायची, हा त्यांचा नेम. वाटेत कुणी हाक मारलीच तर 'व्हय' म्हणून पुढे.

साठीनंतर मात्र ते एकदम माणसांत आले. दर पन्नास पावलांवर थांबायचे. शेजारच्या काकूंना विचारायचे, "काय गो, सून कशी हाय?" मलाही, नोकरीच्या बाराव्या वर्षी, बांधावर पहिल्यांदाच विचारलं, "कंपनीत तू नक्की करतोस काय?" मी भारावलो. वयानं माणूस मऊ होतो, असं घरी ऐटीत सांगितलंसुद्धा.

माझं शहाणपण बाबांच्या पायाच्या अंगठ्याच्या जखमेनं उतरवलं. शिंपला लागला होता. महिना झाला तरी भरेना, कडा काळी पडली. पनवेलचे डॉक्टर म्हणाले, गुडघ्याखालची रक्तवाहिनी तुंबलीय, चालताना पोटरी धरते म्हणून हे थांबतात. रक्त पोचलं नाही तर पाऊल कापावं लागेल. म्हणजे काकूंच्या सुनेची चौकशी इतके दिवस पोटरीच करत होती! मला लाज वाटली, आणि त्याहून जास्त भीती.

डॉक्टरांनी नव्या प्रकारचा स्टेंट सुचवला. तो वाहिनी उघडी धरतो, औषध सोडतो आणि काही वर्षांत विरघळून जातो. बाबांनी जन्मभर बांध टिकवलेले.

"इरघळनारी वस्तू इकत घ्यायची?"

"तोवर वाट मोकळी राहायला शिकते, काका."

"म्हंजे उघाडीतला गाळ काढायचा, फळी लावायची, नि फळी कुजली तरी पानी चालू?"

डॉक्टर 'अगदी बरोबर' म्हणाले. बांधातल्या पाणी सोडायच्या दाराला उघाडी म्हणतात, हे त्यांना ठाऊक असेल असं वाटत नाही.

पाऊल वाचलं, जखम भरली. बाबा पुन्हा तरातरा चालू लागले, कुणाकडे न बघता. काकू म्हणाल्या, "पाय सुधारला नि मानूस बिघडला." मी हसलो. पण मलाही तो दुखऱ्या पोटरीचा बाप हवासा वाटत होता, हे सांगणार कुणाला?

परवा उधाणाला मी त्यांच्या मागे होतो. ते मध्येच थांबले. मी लगबगीनं पुढे झालो.

"पोटरी धरली?"

"नाय." बीळही कुठे दिसत नव्हतं. "शिफ्ट कुठली हाय तुझी सध्या?"

मी सकाळची म्हणालो, आणि मग बॉयलरपासून साहेबापर्यंत सगळं सांगत सुटलो. माझं संपेपर्यंत बाबा तिथेच उभे होते.