दत्तोबाचं बिनरंगाचं कुंपण

चाकणजवळच्या त्या गल्लीत सगळ्यांची कुंपणं पत्र्याची, नाहीतर सिमेंटच्या जाळीची. एकट्या दत्तोबाचं तेवढं लाकडाचं, तेही बिनरंगाचं. कंपनीत होता तेव्हा मशिनच्या खोक्यांच्या टाकाऊ फळ्या त्याने सायकलवरून आणल्या आणि आपल्या लांबट जागेच्या कडेने गल्लीच्या तोंडापासून थेट दारापर्यंत ठोकल्या. उन्हापावसाने त्या राखाडी पडल्या, मऊ भाग झिजून शिरा वर आल्या. कंपन्यांतली पोरंपोरी तिथं उभी राहून फोटो काढायची. दत्तोबा त्यांना ऐकवायचा, "रंगाचं काय घेऊन बसलाय! पावसाळे खाल्ल्याबिगर ही चांदी चढत न्हाई."

पुढे काचबिंदूने दोन्ही डोळे नेले, तरी तो हेच ऐकवत राहिला. म्हाताऱ्याला कमी दिसतं, एवढं घरच्यांना ठाऊक होतं. काहीच दिसत नाही, हे त्याने कुणाला कळू दिलं नाही. शेजारच्या अण्णासाहेबांनी कळू दिलं होतं. त्यांना पोरांनी खाटेवर बसवलं, बाहेरून कडी घातली आणि म्हातारा तिथंच सुकून गेला. तसलं मरण दत्तोबाला नको होतं. घरात तो भिंती चाचपत, भांड्यांच्या आवाजावर वावरायचा. बाहेर त्याला कुंपण होतं. रोज सकाळी तो गल्लीच्या तोंडाशी टपरीवर चहाला जायचा आणि फळ्यांवरून बोटं फिरवत परत यायचा. मोठ्या गाठीची फळी आली की अर्धी वाट सरली. चिरलेली फळी आली की पुढे उघडं गटार, पाऊल लांब टाकायचं. खिळ्याचं डोकं बोटाला लागलं की दार आलं. लोक म्हणायचे, म्हाताऱ्याचा लाकडावर भारी जीव. जीव होताच, पण गरज त्याहून मोठी होती.

सून मिनल त्या कुंपणाला भंगार म्हणायची. श्रद्धाला, तिच्या मुलीला, बघायला पाहुणे येणार होते. "मामा, निदान रंग तरी देऊ," ती म्हणाली.

"तोंडाला फासतीस तेवढा बास हाय," दत्तोबा म्हणाला. "डोळं उघडून बघ की जरा, किती देखणं दिसतंय!"

इथंच त्याचं चुकलं. मला दिसत नाही गं, एवढं म्हणाला असता तर मिनल काही दगड नव्हती. पण हा आंधळा डोळसांना देखणेपण शिकवायला निघाला. मागच्या खेपेलाही त्याने मुलाच्या आईला भर बैठकीत विचारलं होतं, "पोरगं मुकं हाय, का तुमी बोलू देत न्हाई?" ते स्थळ तिथंच मोडलं, आणि मिनलने ते मनात धरलं.

म्हणून या वेळी तिने त्याला आदल्या दिवशीच भोसरीला पुतण्याकडे पाठवलं. पोहोचवायला सुजित गेला. तो दत्तोबाचा मुलगा खरा, पण बायकोपुढे नंदीबैल. आजोबा गावी गेलेत, असं पाहुण्यांना कळवलं. मग रंगारी आला. त्याने फळ्यांच्या भेगा पुट्टी भरून बुजवल्या, घासकागद मारून सगळं गुळगुळीत केलं, खिळे आत ठोकले आणि वर हिरवागार चकचकीत ऑइलपेंट चढवला.

इकडे भोसरीत दत्तोबाला मोरीसुद्धा सापडेना. विचारावं तर बिंग फुटणार. सकाळी जेवणाच्या ताटातच पाय पडला, तसा तो घरी जायच्या हट्टालाच पेटला. शेवटी पुतण्याने त्याला रिक्षात बसवून दिलं आणि रिक्षावाल्याने गल्लीच्या तोंडाशी उतरवलं. "घरापर्यंत सोडू का, बाबा?"

"कशाला? माझं कुंपण हाय की."

त्याने हात लावला. चिकट, गुळगुळीत काहीतरी लागलं. कुणाचा तरी नवा पत्रा असेल म्हणून तो दुसऱ्या बाजूला गेला, तर तिथं खरंच पत्रा. दुपारची टपरी बंद, विचारायला कुणी नाही. तो पुन्हा पहिल्या बाजूला आला आणि चाचपत निघाला. गाठ आलीच नाही. चीरही आली नाही, गटार मात्र आलं. तो गुडघाभर घाणीत गेला, धडपडत बाहेर निघाला. धोतर पायाला चिकटलं, वास सुटला. आता ही गल्लीच आपली नाही, अशी त्याची खात्री झाली.

जवळच कपबशा वाजत होत्या. तो थांबला. "बाई, लाकडी कुंपणाचं घर कुठं हाय हो? बिनरंगाचं?"

"बिनरंगाचं?" एक अनोळखी बाई हसली. "नाही बाई, इथं तर सगळं हिरवंगार रंगवलंय." मग तिने आत वळून विचारलं, "तुमच्या ओळखीचे आहेत का हो हे?"

आत सुजित खाकरला. ते खाकरणं दत्तोबाने हजार माणसांत ओळखलं असतं. मग मिनलचा आवाज आला. "नाही हो. असे येतात कुणीकुणी. बाबा, पुढच्या गल्लीत विचारा."

दत्तोबाने बोटं एकमेकांवर घासली. ती चिकटत होती. आता त्याला सगळं कळलं. घर हेच, कुंपणही हेच, आणि आपण कोण लागतो तेही. एक शब्द तोंडातून काढला असता तर आतल्या सगळ्यांची अब्रू गटारात गेली असती. जीभ वळवळलीही. पण तेवढ्यात श्रद्धाच्या बांगड्या वाजल्या. ती पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर येत होती.

"बरं, ताई," तो सुनेला म्हणाला आणि पुढे निघाला.

हात पुढे केला, तर हाताला काहीच लागलं नाही. दारापलीकडे त्याने कधी फळी ठोकलीच नव्हती. त्याच्या पुढे त्याला कधी जायचंच नव्हतं.