पन्ह्यासाठी पंडुम अगोदर घ्या

“मग पंडुम प्रीपोन करून टाका ना! खर्च माझा. डीजेपण लावून देतो.”

रिसॉर्टच्या मालकांनी हे सोमीबाईंना सांगितलं, तेही त्यांच्या चुलीसमोर उभं राहून. मी शेजारीच होतो. असा संताप आला की काही विचारू नका.

मी चंद्रपूरचा. वडील टॅक्सी चालवायचे, त्यातूनच माझा टूरचा धंदा उभा राहिला. मूल गावाच्या पुढे जंगलाला लागून हे रिसॉर्ट झालं, तेव्हा मालकांनी मला ऑपरेशन्सला घेतलं. म्हणजे गाड्या, गाईड, जेवणखाण, पाहुण्यांची सगळी उठबस. मालक नागपूरचे. ‘इको-फ्रेंडली’ हा शब्द त्यांनी गेटपासून टॉयलेटच्या दारापर्यंत रंगवून घेतला होता.

त्यात खरं इको-फ्रेंडली एकच होतं, ते म्हणजे किचन. शेजारच्या गोंड वस्तीतल्या बायकांचा बचत गट ते चालवायचा आणि सोमीबाई गटाच्या अध्यक्ष. तांदूळ गावचा, भाजी गावची, पत्रावळी पळसाच्या. पूर्वी या बायका मिरची तोडायला तेलंगणात जायच्या. लेकरं म्हाताऱ्यांवर सोडून, पिकअपमध्ये दाटीवाटीनं बसून. किचन सुरू झालं आणि ते जाणं थांबलं. ब्रोशरच्या कव्हरवर चुलीपाशी बसलेल्या सोमीबाईंचा फोटो होता. फार सुंदर फोटो होता.

एप्रिलमध्ये फॅम ट्रिप ठरली. फॅम ट्रिप म्हणजे ट्रॅव्हल एजंटांना फुकट आणायचं, फिरवायचं, खाऊ घालायचं. त्यांना जागा आवडली तर वर्षभर बुकिंग, नाही तर बोंब. मालकांच्या डोक्यात आलं, वेलकम ड्रिंक म्हणून कैरीचं पन्हं द्यायचं. रिसॉर्टमधल्याच झाडाची कैरी, सोमीबाईंच्या हातून.

सोमीबाई म्हणाल्या, “आता कैरी नाई चालत साहेब. आमचा पंडुम व्हाचा हाये.”

पंडुम म्हणजे नव्या फळाचा सण. गावानं मिळून देवाला नवा आंबा वाहायचा, मग तोडायचा, मग खायचा. दिवस गावचा पुजारी आणि जाणती माणसं ठरवतात. तोवर कुणी झाडाला हात लावत नाही, त्यामुळे कोवळी फळं ओरबाडली जात नाहीत. मालकांच्या सगळ्या बोर्डांमध्ये मिळून एवढं इको नव्हतं.

त्यावर मालकांचं ते प्रीपोन आलं. जणू हॉलचं बुकिंगच पुढंमागं करायचं होतं.

सोमीबाईंनी चुलीतलं लाकूड मागं ओढलं. “देवाचं हाये ते, आमच्या हातात नाई. ताक देतो, आंबिल देतो. पंडुम झाल्यावर आना पावन्यायले, पोटभर पन्हं पाजतो.”

“एजंट काय तुमचा पंडुम पाहून येऊन राह्यले?” मालक माझ्याकडे वळले. “रियाजभाई, तुम्ही समजवा ना यांले.”

“मी काऊन समजवू? त्यायनं सांगितलं ना नाई म्हनून. उद्या मले म्हनाल, पावन्यायसमोर रोजा तोडून दाखव.”

“रोजा अलग बात आहे. हा बिझनेस आहे.”

नुकताच रमजान संपला होता. रमजानभर सोमीबाईंनी मला एकदाही चहा विचारला नव्हता. तिथं अजान ऐकू येत नाही, पण सूर्य बुडाला की पाण्याचा तांब्या माझ्यासमोर यायचा. कधी एका शब्दानं त्यांनी काही विचारलं नाही. आणि या माणसाला मी अलग बात काय ती समजावून सांगायची?

ट्रिपच्या आदल्या दिवशी नागपूरचा केटरर येऊन धडकला. येता येता त्यानं वरोऱ्याच्या बाजारातून कैऱ्या उचलल्या होत्या. बरोबरच्या मुलींना लुगडी नेसवली, गळ्यात मण्यांच्या माळा घातल्या. बचत गटाला निरोप गेला, पाहुणे जाईपर्यंत सुट्टी.

एजंट उतरले. पन्हं आलं. मालक हात जोडून म्हणाले, “आमच्या गावच्या बायांनी बनवलंय. एकदम ऑथेंटिक.”

पुण्याच्या एका एजंट बाईंनी ग्लास घेता घेता मुलीला सहज विचारलं, “तुझं गाव कोणतं गं?”

“नागपूर, सीताबर्डी,” ती बिचारी खरं बोलून गेली.

माझ्यानं राहवलं नाही. मी सगळ्यांसमोर सांगितलं, “मॅडम, इथल्या बायकांनी यंदाच्या आंब्याला अजून हात लावलेला नाही. त्यांनी नाही म्हटलं, म्हणून त्यांना आज गेटबाहेर ठेवलंय. हे पन्हं नागपूरच्या केटररचं आहे.”

मालकांनी मला बाजूला घेतलं. “तुम्ही निघा.” मी निघालो.

त्या पुण्याच्या बाईंनी ग्लास खाली ठेवला, एवढं मी जाताना पाहिलं. बाकीच्यांनी पन्हं संपवलं. पुढं बुकिंगही दिलं. चव छान होती म्हणे.

पंडुम झाल्यावर सोमीबाईंनी मला निरोप पाठवून बोलावलं आणि बोलल्याप्रमाणे पोटभर पन्हं पाजलं. किचन मात्र गेलं ते गेलंच. केटररची सुट्टी कधी झाली नाही आणि गटाची कधी संपली नाही. मिरचीच्या हंगामात तेलंगणाची पिकअप पुन्हा वस्तीत आली. सोमीबाई चढल्या. आजही त्या रिसॉर्टच्या वेबसाईटवर त्यांचा तोच फोटो आहे. खाली लिहिलंय, ‘आमचं कुटुंब’. बघितला की अजून माझं डोकं फिरतं.

आता मी पुन्हा माझा टूरचा धंदा बघतो. एखादा रिसॉर्टवाला ब्रोशर घेऊन टाय-अपसाठी आला, की मी खोल्यांचे रेट नंतर विचारतो. आधी कव्हरवरच्या बाईवर बोट ठेवतो आणि म्हणतो, यांच्या हातचा चहा पाजा, मग बोलू. अजून तरी फारसा चहा मिळालेला नाही.